गाडी शिकताय? आधी डावा पाय शिकवा, मग डोळे

ज्यांनी आजवर कधी स्टेअरिंगला हातच लावलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः बरीच उशिरा शिकले, पहिल्या टेस्टमध्ये नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले आणि त्यानंतर घरातल्या दोघांना शिकवलं, एक भाची आणि एक दीर. दोघांना शिकवताना एक गोष्ट पक्की कळली. नवीन माणसाचं सगळं लक्ष पायांत आणि गिअरमध्ये अडकलेलं असतं त्यामुळे रस्त्याकडे बघायला डोक्यात जागाच उरत नाही, आणि टेस्ट घेणारा माणूस तर तुम्ही रस्ता बघताय का हेच बघायला बसलेला असतो. म्हणून मी सांगते तो क्रम असा, आधी पाय इतके सवयीचे करा की त्यांचा विचार करावा लागू नये, मग उरलेला सगळा वेळ डोळ्यांना द्या.

मी इथे मॅन्युअल गाडीबद्दलच बोलणारे. ऑटोमॅटिक शिकायला सोपी आहे हे खरंय, क्लचचा भाग सोडून बाकी सगळं तिलाही लागू आहे, पण काही देशांत ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, तेव्हा ठरवायच्या आधी तुमच्याकडचा नियम विचारून घ्या.

लर्निंग लायसन्स आणि चिन्हं

कागदपत्रांचं जास्त सांगत बसत नाही कारण ते जागोजागी वेगळं असतं. वय, ओळखपत्र, डोळ्यांची तपासणी, लेखी किंवा कॉम्प्युटरवरची परीक्षा, असं काहीतरी सगळीकडे असतंच. लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय रस्त्यावर गाडी नेऊ नका, अगदी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा नको.

चिन्हं पाठ करायला घेतली की कंटाळा येतो, म्हणून आधी त्यांचे आकार समजून घ्या. बऱ्याच देशांत लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम, म्हणजे हे करायचं नाही किंवा याच्यापेक्षा जास्त वेगाने जायचं नाही. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सावध व्हा. उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्या. आणि थांबा सांगणारा अष्टकोन एकटाच तसा असतो, तो मुद्दाम वेगळा ठेवलाय म्हणजे चिखलाने माखला तरी किंवा मागच्या बाजूने दिसला तरी नुसत्या आकारावरून ओळखता यावा. एवढं डोक्यात बसलं की अर्धी चिन्हं पाठ न करताच येतात. बाकीच्यांसाठी माझी युक्ती म्हणजे दुसरं कोणी चालवत असताना शेजारी बसून प्रत्येक चिन्ह मोठ्याने वाचायचं. आठ दिवसांत एवढा फरक पडतो की लेखी परीक्षेची भीतीच जाते.

किल्ली फिरवायच्या आधी

सीट. यावर पाच मिनिटं घालवा, खरंच. डावा पाय क्लचवर ठेवून तो पूर्ण खाली दाबा, तरीही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. मग पाठ टेकवून हात सरळ पुढे करा, मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं आणि पाठ सीटवरून उचलली जायला नको. पण फार पुढेही सरकू नका, छाती आणि स्टेअरिंगच्या मधोमध असलेलं झाकण यांच्यात निदान 25 सेंटिमीटर अंतर राहू द्या कारण एअरबॅग तिथूनच बाहेर येते आणि ती प्रचंड जोरात येते. डोकं टेकायचा जो वरचा भाग असतो त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाशी आणा. तो मानेशी आला तर मागून धडक बसल्यावर मान वाचवायच्या कामाचा राहत नाही.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर घ्या, आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधून. आज आपण जो तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट वापरतो तो व्होल्वोच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने 1959 मध्ये आणला आणि कंपनीने ते पेटंट बाकीच्या सगळ्या गाडीवाल्यांना वापरायला मोकळं ठेवलं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून शिकवताना पहिल्या दिवशी हमखास सांगते.

आरसे लावताना, आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसली पाहिजे. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीची अगदी बारीक पट्टी दिसू द्या, बाकी सगळा रस्ता. आणि हे आत्ताच लक्षात ठेवा की तिन्ही आरसे कितीही नीट लावले तरी खांद्याच्या मागे एक तुकडा असा राहतोच की जो कुठल्याच आरशात दिसत नाही, तिथे अख्खी मोटारसायकल लपते. तो भाग मान वळवूनच बघायचा असतो.

चपला-सँडलवर शिकू नका. पातळ तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घाला, म्हणजे पेडल किती दाबलं गेलं ते पायाला कळतं.

क्लच, आणि इथे घाई नको

तीन पेडल डावीकडून क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. डावा पाय फक्त क्लचसाठी, उजवा पाय बाकीच्या दोघांसाठी. उजवी टाच शक्यतो ब्रेकसमोर जमिनीला टेकवून ठेवायची आणि पंजा उजवीकडे वळवून अॅक्सिलरेटरवर न्यायचा, म्हणजे घाईच्या वेळी ब्रेक शोधावा लागत नाही.

क्लच म्हणजे नेमकं काय ते कोणी समजावून सांगत नाही, नुसतं हळू सोड हळू सोड म्हणत राहतात. तर बघा, इंजिन चालू असलं की गाडी उभी असतानाही ते मिनिटाला सातआठशे फेरे फिरत असतं, आणि चाकं थांबलेली असतात. फिरणारी वस्तू थांबलेल्या वस्तूला एकदम जोडली तर दोन गोष्टी होऊ शकतात, एक तर गाडी उडी मारते नाही तर इंजिन बंद पडतं. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांच्यातला संबंध तुटतो, पूर्ण सोडला की ते घट्ट जोडले जातात, आणि मध्ये एक जागा असते जिथे क्लचची चकती घासत घासत पकडायला लागते. तिलाच सगळे हाफ क्लच म्हणतात. ती जागा प्रत्येक गाडीत थोडी वरखाली असते आणि ती डोक्याने नाही तर पायाने शोधायची असते.

त्यासाठी हा सराव करा. रिकामं, सपाट मैदान किंवा मोठी पार्किंगची जागा बघा. शेजारी गाडी चालवता येणारं माणूस हवंच. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा, आणि अॅक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही लावू नका. आता क्लच इतका सावकाश वर येऊ द्या की कागदाच्या जाडीएवढा एकेक थर सुटतोय असं वाटलं पाहिजे. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरा जड होईल, गाडी किंचित थरथरेल आणि सरकायला लागेल. तिथे पाय गोठवा. दोन सेकंद तसाच धरा, गाडीला वेग घेऊ द्या, मग उरलेला क्लच सोडा. चारपाच मीटर गेलं की क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. परत. परत. मी भाचीकडून पहिल्या दिवशी हेच तासभर करून घेतलं, ती वैतागली, मावशी आता तरी पुढे जाऊ दे ना म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तिची गाडी एकदाही बंद पडली नाही आणि हे तिचं तिलाच जाणवलं. अॅक्सिलरेटरशिवाय जमायला लागलं की मग थोडासा अॅक्सिलरेटर जोडीला घ्या.

गाडी बंद पडणारच. त्यात लाज वाटायचं कारण नाही, प्रत्येक चालवणाऱ्याची पडलेली आहे. पडली की क्रम एकच, ब्रेक दाबा, क्लच दाबा, हवा तर हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा (म्हणजे कुठलाच गिअर नको), चालू करा, आजूबाजूला बघा, निघा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या, त्याच्या हॉर्नने क्लच लवकर सुटत नाही. घाईने सोडलेला क्लच परत गाडी बंद पाडतो आणि मग खरी घबराट होते.

एक वाईट सवय आत्ताच मोडा. गाडी नीट चालायला लागल्यावर डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही, बाजूला जमिनीवर ठेवायचा. नुसता पायाचा भार पडला तरी चकती थोडी थोडी घासत राहते आणि लवकर झिजते.

स्टेअरिंग आणि गिअर

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. पूर्वी दहा-दोन शिकवायचे, पण एअरबॅग आल्यापासून नऊ-तीन जास्त बरं, कारण हात वर असले तर एअरबॅग फुटताना तेच हात तोंडावर आपटू शकतात. गाडी सरळ जात नाही अशी तक्रार सगळ्यांची असते आणि कारण बहुतेक वेळा एकच, नजर बोनेटच्या टोकावर असते. नजर लांब टाका, जिथे जायचंय तिथे. हात आपोआप तिकडे वळतात, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. वळणावरही तेच, वळण जिथे संपतं तिकडे बघा. आणि खड्डा चुकवायचा असेल तर खड्ड्याकडे बघत राहू नका, त्याच्या बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे बघा.

गाडी उभी असताना जोर लावून स्टेअरिंग फिरवू नका, टायर जागच्या जागी घासतो. किंचित सरकत असताना फिरवा.

गिअर बदलताना खाली बघायचं नाही. त्यासाठी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, समोर बघत पहिल्यापासून वरपर्यंत आणि परत खाली असा सराव घरी उभ्या गाडीत करा, रोज दहा मिनिटं. मुठीने आवळून ढकलू नका, तळवा लावून सोडा, गिअरचा दांडा मधे न्यूट्रलमध्ये आपसूक येतो. कधी बदलायचा ते आवाज सांगतो. इंजिन ओरडायला लागलं की वरचा गिअर, घरघरायला आणि थरथरायला लागलं की खालचा. पहिला गिअर फक्त हलायला असतो, गाडी चालायला लागली की लगेच दुसरा, साधारण तीसच्या आसपास तिसरा, पन्नासच्या अलीकडे चौथा, पण हे आकडे गाडीप्रमाणे बदलतात तेव्हा कानावरच भरवसा ठेवा. वळायच्या आधी वेग ब्रेकने कमी करा, मग त्या वेगाला शोभेल तो गिअर टाका, बहुतेक वळणांना दुसरा, आणि क्लच पूर्ण सोडूनच वळा. क्लच दाबून वळणं ही नवीन माणसाची हमखास चूक आहे, गाडी मोकळी सुटल्यासारखी बाहेरच्या बाजूला जाते.

आणि उतारावर न्यूट्रल नाही. पेट्रोल वाचतं म्हणून काहीजण करतात, त्यांचं ऐकू नका. गिअरमध्ये असलेली गाडी इंजिनमुळे थोडी धरून ठेवलेली असते, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. इंजिनच बंद केलं असेल तर त्याहून वाईट, एकदोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो.

थांबायला किती जागा लागते

हा हिशोब एकदा मनात ठसला की माणूस आयुष्यभर पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटत नाही. ताशी 36 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर. समोर काही आलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 10 मीटर गेले. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी 7 मीटरच्या आसपास. एकूण 17. आता वेग दुप्पट करा, 72. विचारात 20 मीटर गेले, आणि ब्रेकचं अंतर दुप्पट नाही तर चौपट होतं, म्हणजे 28. एकूण 48 मीटर. वेग दुप्पट आणि थांबायची जागा जवळजवळ तिप्पट. रस्ता ओला असेल तर ब्रेकचं अंतर आणखी बरंच वाढतं. आणि पन्नासच्या वेगात दोन सेकंद मोबाइलकडे बघितलं तर गाडी 28 मीटर आंधळी गेलेली असते.

रस्त्यावर मीटर मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा, तुम्ही त्या खांबाशी पोचायच्या आत निदान दोन सेकंद झाले पाहिजेत, पावसात चार. नवीन असाल तर कोरड्यातही तीन ठेवा. मध्ये कोणी घुसलं तर घुसू द्या, परत अंतर पाडा.

ब्रेक साधारणपणे दोनदा विचार करून दाबल्यासारखा दाबायचा, आधी हलका, मग पक्का, आणि थांबायच्या अगदी शेवटच्या क्षणी किंचित सैल, म्हणजे गचका बसत नाही. थांबताना क्लच शेवटी, इंजिन अडखळायच्या जरा आधी. पण खरोखर अचानक थांबायची वेळ आली तर हे सगळं विसरून ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा, क्लचही दाबा. गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पायाखाली पेडल थडथड उडल्यासारखं वाटेल, घाबरून पाय उचलू नका, ते त्याचं काम करतंय आणि त्यामुळेच ब्रेक दाबलेला असतानाही स्टेअरिंग वळतं. हे रिकाम्या जागेत, मागे कोणी नाही बघून, शिकवणाऱ्याला सांगून एकदा करून बघा.

चढ

चढावर गाडी मागे जाईल ही भीती सगळ्यात मोठी. हँडब्रेक यासाठीच आहे, त्याचा वापर करण्यात काही कमीपणा नाही. थांबल्यावर हँडब्रेक ओढा. पहिला गिअर, थोडा अॅक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू पकडीपर्यंत आणा. आवाज जड होतो, बोनेट जरासं वर उचलल्यासारखं दिसतं. ते दिसलं की पाय आहे तिथेच ठेवा आणि मगच हँडब्रेक सोडा. गाडी मागे न जाता पुढेच सरकते. मागे जातेय असं वाटलं तर दुसरं काही करू नका, ब्रेक दाबा आणि पहिल्यापासून सुरू करा. सौम्य चढावर दहावेळा, मग जरा उभ्या चढावर.

आता डोळे

इथपर्यंत पाय बरेच मोकळे झाले असतील, तर आता जे खरं शिकायचंय ते.

माझ्या पहिल्या टेस्टमध्ये सगळं छान चाललं होतं. पार्किंग नीट झालं, चढ झाला, शेवटी परीक्षकांनी बाजूला थांबायला सांगितलं, थांबले, मग निघा म्हणाले. मी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि निघाले. त्यांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. माझ्या खांद्याच्या मागून एक सायकलवाला मुलगा येत होता, आरशात तो नव्हताच, मान वळवली असती तर दिसला असता. तो आमच्या शेजारून पुढे गेला, दहाबारा वर्षांचा असेल, पाठीला दप्तर होतं. परीक्षकांनी एवढंच विचारलं की दिसला होता का. मी नाही म्हटलं. नापास झाल्याचं वाईट त्या दिवशी वाटलं, त्या मुलाचं मात्र आजही प्रत्येक वेळी निघताना आठवतं आणि मान वळते.

तेव्हा क्रम कायम हाच, आरसा, इंडिकेटर, मग हालचाल, आणि निघताना किंवा लेन बदलताना हालचालीच्या आधी खांद्यावरून एक नजर. इंडिकेटर दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, ती फक्त सूचना असते, समोरच्याने ती बघितली का ते बघायचं काम आपलंच.

काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात ना, छताला आधार देणारे, त्यांच्या आडही माणसं लपतात. चौकात वळताना रस्ता ओलांडणारा माणूस आणि तुमची गाडी सारख्याच गतीने सरकत असतील तर तो पूर्णवेळ त्या खांबाआड राहू शकतो. म्हणून वळायच्या आधी डोकं जरा पुढे-मागे हलवून बघायचं.

डोळ्यांचा सगळ्यात चांगला सराव म्हणजे बोलत गाडी चालवणं. जे दिसतंय आणि त्याचं मी काय करणार आहे ते मोठ्याने बोलायचं. पुढे उभी असलेली बस, तिच्या पुढून कोणी पळत येईल, वेग कमी करते. डावीकडे उभ्या गाड्या, एकीत माणूस बसलाय, दार उघडेल, अंतर ठेवते. चेंडू आला, मागे मूल येणार, थांबते. सिग्नल बराच वेळ हिरवा आहे, बदलेल, तयार राहते. पहिल्यांदा विचित्र वाटतं आणि जीभ गाडीच्या मागे पडते, पण आठवडाभरात नजर आपोआप लांब जायला लागते कारण बोलायला काहीतरी शोधावं लागतं. दिराला शिकवताना तो ज्या क्षणी गप्प व्हायचा त्या क्षणी मला कळायचं की याची नजर परत बोनेटवर आली. आरसा दर पाचसात सेकंदांनी, आणि ब्रेक दाबायच्या आधी प्रत्येक वेळी मागचा आरसा.

रिव्हर्स आणि पार्किंग

रिव्हर्समध्ये वेग फक्त क्लचवर ठेवायचा, माणूस चालतो त्याहूनही हळू. मागच्या काचेतून मान वळवून बघा, कॅमेरा असला तरी. आणि विसरू नका की मागे जाताना गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला फिरतं, सगळे मागे बघत बसतात आणि पुढचा कोपरा शेजारच्या गाडीला लागतो.

दोन गाड्यांच्या मधे रस्त्याला समांतर लावायची असेल तर आपल्या गाडीच्या दीडपट तरी जागा असलेली निवडा. पुढच्या गाडीच्या बरोबरीने, साधारण अर्धा ते एक मीटर अंतर ठेवून उभे राहा, दोन्ही गाड्यांची मागची टोकं एका रेषेत. चारी बाजूंना बघा. सावकाश मागे सरकायला लागा आणि स्टेअरिंग फुटपाथच्या दिशेने पूर्ण. गाडी तिरकी, साधारण 45 अंशात आली की स्टेअरिंग सरळ करून तसंच थोडं मागे. आपलं पुढचं टोक पुढच्या गाडीच्या मागच्या टोकाला पार करून गेलं की स्टेअरिंग उलट दिशेला पूर्ण. सरळ झालं की थांबा. जमलं नाही तर पुढे घेऊन परत करा. आधी दोन रिकामे खोके किंवा बादल्या ठेवून सराव करा.

पाऊस आणि रात्र यांचे निदान दोनतीन धडे टेस्टच्या आधी घ्या, नाहीतर पहिला पाऊस एकट्याने अंगावर येतो. साचलेल्या पाण्यावर स्टेअरिंग एकदम हलकं झालं तर टायर पाण्यावर तरंगतोय, तेव्हा अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेक मारू नका. रात्री समोरून प्रखर लाइट आला तर त्यात न बघता रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेकडे बघा.

टेस्टला तयार झालोय हे कसं ओळखायचं

क्लासचे तास पूर्ण झाले म्हणजे तयार झालो असं नाही. माझी कसोटी अशी, की शेजारचा माणूस अर्धा तास एक शब्दही न बोलता बसला आणि त्याला एकदाही पाय दाबावासा वाटला नाही, असं सलग तीन वेळा, वेगवेगळ्या रस्त्यांवर झालं, तर टेस्टची तारीख घ्या. त्यातला एक रस्ता तुम्हाला अजिबात माहीत नसलेला हवा.

त्यानंतर ओळखीच्या दुसऱ्या कुणाला तरी परीक्षक बनवून खोटी टेस्ट द्या. रोज शिकवणाऱ्याला नको, त्याला तुमच्या चुकांची सवय झालेली असते. त्यांनी फक्त सूचना द्यायच्या आणि चुका कागदावर लिहायच्या. तो कागद बघितला की कळतं, त्याच त्याच दोन गोष्टी परत परत लिहिलेल्या असतात, उरलेल्या दिवसांत फक्त त्यांच्यावर मेहनत घ्या.

ज्या गाडीवर टेस्ट देणार त्याच गाडीवर शेवटचे आठ दिवस चालवा, क्लचची पकड प्रत्येक गाडीत वेगळी म्हणून म्हणतेय. आदल्या दिवशी गाडी बघून घ्या, सगळे लाइट, मागचा ब्रेकलाइट कुणाला तरी मागे उभं करून, हॉर्न, वायपर, टायरची हवा आणि नक्षी. नक्षीची खोली बऱ्याच देशांत निदान 1.6 मिलिमीटर असावी लागते. कागदपत्रं रात्रीच एका पिशवीत. काही ठिकाणी बोनेट उघडून ऑइल कुठे, कूलंट कुठे असंही विचारतात, एकदा बघून ठेवा. झोप मात्र नीट घ्या, आदल्या रात्री जागून सराव नको.

टेस्टच्या दिवशी

अर्धा तास आधी गाडी चालवून पाय मोकळे करा. बसल्यावर सीट, आरसे, बेल्ट, हँडब्रेक, न्यूट्रल, याच क्रमाने, सावकाश. परीक्षक घाई करत नाहीत, आपणच करतो.

आरसा बघताना नुसती बुबुळं हलवू नका, मानही थोडी हलू द्या, म्हणजे शेजारी बसलेल्याला दिसतं की तुम्ही बघितलं. थांब्याच्या चिन्हाला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, सरकत सरकत जाणं म्हणजे थांबणं नाही, यावर खूप जण जातात. वेग मर्यादेच्या वर नको हे सगळ्यांना माहीत असतं, पण रस्ता मोकळा असताना उगाच वीसने रेंगाळणं हीसुद्धा चूक धरली जाते कारण त्यातून आत्मविश्वास नाही असं दिसतं आणि मागच्यांना ओव्हरटेकचा मोह होतो. पायी चालणाऱ्यांना पट्ट्यांवर आधी जाऊ द्या.

सूचना ऐकू आली नाही किंवा समजली नाही तर परत विचारा, त्याचे मार्क जात नाहीत. उजवीकडे सांगितलं आणि तुम्ही चुकून डावीकडच्या लेनमध्ये आलात तर शेवटच्या क्षणी आडवं घुसू नका, डावीकडे नीट वळा, परीक्षक पुढून रस्ता सांगतात. बहुतेक ठिकाणी रस्ता चुकणं ही चूक नसते, घुसणं असते. गाडी बंद पडली तरी एकदा पडण्याने सहसा कोणी नापास होत नाही, त्यानंतर गडबडून आजूबाजूला न बघता निघाल्याने होतात. आणि एखादी चूक झाली असं वाटलं तर ती तिथेच सोडा. ती मोजलीच आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तिचा विचार करताना पुढचा आरसा राहून जातो. छाती धडधडायला लागली तर सिग्नलला थांबलेलं असताना श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घ्या, चारपाच वेळा.

नापास झालात तर परीक्षकांना शांतपणे विचारा नेमकं काय राहिलं आणि तिथेच लिहून घ्या, घरी जाईपर्यंत आठवणीत रंग बदलतो. दुसरी तारीख लगेच घ्या आणि मधल्या काळात गाडी सोडू नका.

लायसन्स आल्यावरचे पहिले दिवस

एकट्याने पहिल्यांदा निघाल तेव्हा शेजारची रिकामी सीट फार मोठी वाटते. तो रस्ता ओळखीचा निवडा, सकाळची कमी गर्दीची वेळ, जाऊन परत यायला वीस मिनिटं पुरतील इतकाच. मोबाइल मागच्या सीटवर, गाणी बंद, सोबत मित्रमैत्रिणींची गडबड पहिले काही आठवडे तरी नको. निघायच्या आधी मान वळवून खांद्यामागे बघा, आणि पहिल्या वळणापासूनच मोठ्याने बोलायला लागा, काय दिसतंय आणि तुम्ही काय करणार आहात ते.